एअरबॅग आधी आली, बसायचे नियम नंतर

1952 साली पेनसिल्व्हेनियातले अभियंते जॉन हेट्रिक बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन रविवारी गाडीने फिरायला निघाले. वाटेत मोठा धोंडा दिसला, तो चुकवताना गाडी चरात गेली. ब्रेक दाबताक्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपसूक मुलीपुढे गेले, ती डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. एअरबॅगची कल्पना त्यांना त्यावरून सुचली. 1953 मध्ये पेटंटही मिळालं, पण दाबून भरलेल्या हवेने पिशवी वेळेत फुगेना. पुढे धक्का ओळखणारे सेन्सर आणि क्षणात वायू सोडणारी रसायनं आल्यावर ते जमलं. सत्तरच्या दशकात जनरल मोटर्सने काही गाड्यांत एअरबॅग विकून पाहिली.

गोम पुढेच होती. अमेरिकेत बेल्ट लावायचा लोकांना कंटाळा, त्यामुळे बेल्ट न लावलेला पुरुषही वाचला पाहिजे अशी चाचणी ठरली: तशा आकाराचा बाहुला आणि ताशी 48 किलोमीटर वेगाने भिंतीला धडक. त्याला थोपवायचं तर पिशवी जोरातच उघडायला हवी. तो जोर बुटक्या चालकांना आणि मुलांना भोवला. 1990 ते 2008 या काळात तिथे किरकोळ धडकांतही एअरबॅगच्या तडाख्याने 290हून अधिक माणसं गेल्याचा सरकारी अंदाज आहे. बहुतेकांनी बेल्ट लावलाच नव्हता किंवा धड लावला नव्हता. ज्या मुलीसाठी हे सुचलं, तिच्या वयाची मुलंही त्यांत होती.

आजचे नियम या मृत्यूंमधून आले. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवं, तेरा वर्षांखालची मुलं मागे बसवावीत, मागे तोंड करून लावायची बाळाची सीट चालू एअरबॅगपुढे कधीच ठेवू नये. सन व्हायजरवरचं बाळाच्या सीटवर फुली मारलेलं चित्र त्यासाठीच असतं. 1997 पासून पिशव्यांचा जोरही कमी करू दिला गेला.

भारतात चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची 2021 मध्ये. आपल्याकडे पोराला मांडीवर घेऊन पुढे बसणं म्हणजे लाड. पण डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढे बसलेलं सहा वर्षांचं मूल एअरबॅग उघडून दगावलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार हजार रुपये दंड आहे. मूल पुढे बसवायचं की मागे, याबद्दल मात्र ते कलम काही बोलत नाही.