किट वेगळं, रिपोर्ट वेगळा

मालिकेतली सून बाथरूममधून गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी घेऊन बाहेर येते, पुढच्या भागात नणंद तिचा 'रिपोर्ट' बदलते. घोळ इथंच आहे. पट्टीला रिपोर्ट नसतो. बदलायला कागद लागतो आणि कागद लॅबमधून येतो. लघवीची घरगुती चाचणी आणि रक्तातली बीटा एचसीजी (गर्भ रुजल्यावर तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची चाचणी), या दोन्ही चाचण्या मालिकांनी एकात कालवून टाकल्यात. साताऱ्याकडं चित्रीकरण काही नवं नाही. वाईजवळच्या मेणवलीचा घाट खरा असतो, दारातली तुळस खरी असते, खोटी असते ती पट्टी.

आधी किट. मेडिकलमध्ये 50-60 रुपयांना मिळतं, आशाताईंकडं सरकारी 'निश्चय' किट फुकट. पाकिटात प्लॅस्टिकचं कार्ड, ड्रॉपर आणि ओल शोषणारी छोटी पुडी असते. पुडीचा चाचणीशी संबंध नाही, ती टाकून द्यायची. सकाळची पहिली लघवी कोरड्या, साबण न लागलेल्या भांड्यात घ्यायची. कार्ड सपाट जागी ठेवून 'एस'च्या खळग्यात पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब सोडायचे, बहुतेक कार्डांना 3. मग 5 मिनिटं थांबायचं. कार्डावरच्या 'सी' अक्षरापाशी रेघ उमटली नाही तर कार्ड बाद, 'टी'ला काहीही दिसो. 'सी' आहे आणि 'टी'ला गुलाबी रेघ आहे, मग ती कितीही फिकट असो, उत्तर होकाराचंच. रेघ गडद म्हणजे दिवस जास्त, असा हिशेब मात्र करू नये.

10 मिनिटांनंतर कार्ड वाचायचं नाही. लघवी सुकली की 'टी'च्या जागी कधीकधी करडी, रंग नसलेली रेघ दिसते. ती गर्भाची नव्हे, सुकल्याची खूण. आता मालिकांचा लाडका प्रसंग आठवा: सासूबाईंना दुपारी कचऱ्याच्या डब्यात कार्ड सापडतं आणि घर हादरतं. सकाळी केलेली चाचणी दुपारी वाचली, म्हणजे जिच्यावर अजिबात विसंबू नये तीच रेघ महिनाभराचं कथानक चालवते!

रक्ताच्या चाचणीत रेघ नसते, एचसीजीचा आकडा असतो. दंडातून 2-3 मिलि रक्त घेतात, उपाशी राहावं लागत नाही. दर मिलिलिटरला 5 मिलि-युनिटांच्या खाली नकार, 25 च्या वर होकार. मधला आकडा आला तर 48 तासांनी पुन्हा रक्त. सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा साधारण 48 ते 72 तासांत दुप्पट होतो. तो रेंगाळला तर गर्भ टिकत नसल्याची किंवा गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिल्याची शंका येते. किटला हे कळत नाही, नळीतल्या गर्भालाही ते दोन रेघा दाखवतं. म्हणून दोन रेघा आल्यावर पोटात एका बाजूला कळा आल्या, रक्त गेलं किंवा घेरी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मिरजेत लॅब हाकेच्या अंतरावर असते. जत किंवा माण तालुक्यातल्या वाडीवरून निघायचं तर गाडीची सोय आधी.

पूर्वी मालिकांत पट्टी नव्हतीच. सून भोवळ येऊन पडायची, डॉक्टर नाडी धरून 'गोड बातमी' सांगायचे. नाडीवरून दिवस गेल्याचं ठरत नाही, आणि भोवळीमागं आपल्याकडं बऱ्याचदा अंगात रक्त कमी असणं निघतं. अमेरिकेत तर 1952 साली 'आय लव्ह लूसी' या मालिकेत नायिका गरोदर दाखवली, पण 'गरोदर' हा शब्द टाळला. तेव्हा तिथं सशाच्या मादीला लघवी टोचून तिचे बीजकोष तपासत, निकालाला दिवस लागत. सत्तरीच्या दशकाअखेर आलेल्या घरगुती किटमध्ये परीक्षानळी असे आणि दोन तास थांबावं लागे. काही मिनिटांत निकाल देणारी एका टप्प्याची पट्टी 1988 ची. कॅमेऱ्याला तीच सोयीची: संवाद नको, डॉक्टर नको.

घाई मात्र मालिकांची स्वतःची. लग्नानंतर आठवड्यात उलटी आणि लगेच पट्टी! बीज सुटल्यावर गर्भ रुजायला 6 ते 12 दिवस लागतात, एचसीजी तयार होतं ते त्यानंतर. बहुतेक किटना लघवीत सुमारे 25 मिलि-युनिट लागतात, म्हणून पाळी चुकण्याआधीचा नकार धरू नये. पाळी आलीच नाही तर आठवड्यानं चाचणी पुन्हा करावी. मळमळ सहसा शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्या बाईला पुढं दहा-बारा दिवस गर्भ नसतानाही दोन रेघा दिसू शकतात.

पट्टीच्या दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीत धडधडणारं बाळ, हेही तसलंच. गर्भाभोवतालची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसते, ठोके सहाव्याच्या पुढं, त्यामुळं लवकर तपासणीला गेलेल्या बाईला पंधरा दिवसांनी परत बोलावतात. आणि मशीन सुरू व्हायच्या आधी गर्भलिंगनिदान बंदी कायद्यातला 'एफ' फॉर्म भरून सही करावी लागते, तो मालिकेत कुणी भरताना दिसत नाही.