पार्श्वभूमी : नव्या बांधकामांवरचे पर्जन्यजलाचे नियम आणि लहान नगरपरिषदा

मुंबई आणि आणखी मोजके प्रदेश वगळता राज्यातील बहुतेक सर्व नियोजन प्राधिकरणांना लागू होणारी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली 'यूडीसीपीआर', डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली. त्याआधी 'अ' वर्ग नगरपरिषदांसाठी एक, 'ब' आणि 'क' वर्गांसाठी दुसरी आणि महानगरपालिकांसाठी आपापली, अशा निरनिराळ्या नियमावल्या चालत होत्या. नव्या नियमावलीवर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधता येते), टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची सोय) आणि अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम) यांभोवती फिरली. पावसाच्या पाण्यासंबंधीच्या तरतुदीही त्याच वेळी एकसारख्या झाल्या, आणि तीस लाख वस्तीच्या महानगरपालिकेच्या बांधकाम विभागावर जी जबाबदारी ज्या शब्दांत आली तीच, त्याच शब्दांत, वीस हजार वस्तीच्या नगरपंचायतीतील एखाद-दुसऱ्या अभियंत्यावरही आली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

या तरतुदींचे मूळ पुरात नसून टंचाईत आहे. मुंबईत १००० चौ. मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले ते ऑक्टोबर २००२ पासून. राज्यातील इतर शहरांसाठी मार्च २००५ मध्ये निघालेल्या आदेशात ही मर्यादा गावठाणाबाहेर ३०० चौ. मी. ठेवण्यात आली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि विषयाचा रोखच बदलला. पाणी कसे साठवावे हा प्रश्न मागे पडून ते कुठे आणि किती वेळात काढून द्यावे हा प्रश्न पुढे आला. नियमाची शब्दरचना मात्र टंचाईच्या दिवसांतलीच राहिली.

त्यामुळे 'पर्जन्यजल व्यवस्थापन' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. संधारण म्हणजे छतावरचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात घेणे, आणि निचरा म्हणजे उरलेले पाणी गटार, नाला, नदी या वाटेने कोणाच्या घरात न शिरता पुढे जाणे. परवानगीच्या फाइलीत पहिल्याचा दाखला जोडला की दुसऱ्याचेही काम झाले असे मानण्याची पद्धत पडली आहे. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. दीड मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर खोल खड्ड्याचे आकारमान साडेपाच घनमीटरांच्या आसपास भरते, आणि त्यात दगडगोटे, खडी, वाळू यांचे थर दिल्यावर पाण्यासाठी त्याच्या निम्मीही जागा उरत नाही. ५०० चौ. मी. छतावर तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडला तर त्या एका तासात २५ घनमीटर पाणी खाली येते. खड्डा पाच-सात मिनिटांत भरतो. खाली काळा पाषाण असेल तर तो लवकर रिकामाही होत नाही, आणि बाकीचे पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर येते. रस्ता नगरपरिषदेचा असतो.

नियम कडक होत गेले असे सरसकट म्हटले जाते, पण क्षेत्राच्या मर्यादेपुरते ते खरे नाही. २०१६ च्या केंद्रीय नमुना इमारत उपविधींनी १०० चौ. मी. पासूनच्या भूखंडांना संधारण सुचवले. यूडीसीपीआरने मात्र ही मर्यादा ३०० वरून ५०० चौ. मी. वर नेली. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी., आणि तालुक्याच्या गावात घरासाठी घेतला जाणारा भूखंड एक ते तीन गुंठ्यांचा असतो. म्हणजे अशा गावातील बहुतेक स्वतंत्र घरे या नियमाच्या कक्षेत येतच नाहीत. त्याच नियमावलीने कमी जोखमीच्या वर्गात १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडांना छाननीशिवाय आणि ३०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडांना दहा दिवसांत परवानगीची सोय केली. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय रास्तच आहे. परंतु पन्नास छोट्या भूखंडांचे पाणी एकत्र येते तेव्हा त्याचा जाब विचारण्यासारखा एकही अर्जदार उरत नाही. शिवाय परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या भूखंडांवरच्या आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित झालेल्या वस्त्या आहेतच, आणि २०२१ मध्ये तो कायदा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करून त्यांत भर घालण्यात आली. या वस्त्यांत गटारासाठी जागा सोडलेली असेलच याची खात्री नाही. वीस हजार चौ. मी. आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या वेळी निचऱ्याचा आराखडा द्यावा लागतो. लहान गावात एवढे मोठे प्रकल्प क्वचितच होतात.

खरा तिढा 'नाला' या शब्दात आहे, आणि लहान नगरपरिषदांवर पडणारा भार समजून घ्यायचा तर इथे थोडे थांबावे लागते.

नियमावलीनुसार नदी किंवा नाल्याच्या पाणरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकाम करता येत नाही. नदीच्या बाबतीत १९८९ च्या पाटबंधारे परिपत्रकापासून निळी आणि लाल अशा दोन पूररेषांची व्यवस्था आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, आणि दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, जिथे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच ठेवून बांधता येते. नाल्याला सहसा अशी कोणतीही रेषा आखलेली नसते. मग नाला कोणता आणि तो कुठून कुठवर, हे ठरवायचे कशावरून? विकास आराखड्यावरून, सिटी सर्व्हेवरून किंवा गावनकाशावरून. गावनकाशे मुळात शेतसाऱ्यासाठी मोजणी झाली त्या काळातले आहेत. मोठे ओढे त्यांत दुहेरी रेघेने दिसतात, पण पावसाळ्यात दोन महिने वाहणारी ओघळ, कोकणातला पऱ्या किंवा वहाळ त्यांत असेलच असे नाही. काही ठिकाणी त्याची खूण फक्त सातबाऱ्यावर, पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीत न धरलेल्या भागाच्या, आकड्यात सापडते. पोटखराब्याचेही दोन वर्ग आहेत. लागवडीला निकामी जमीन 'अ' वर्गात, आणि रस्ता, तळे किंवा लोकांच्या वापरातला ओढा अशी सार्वजनिक उपयोगाची जमीन 'ब' वर्गात. २०१८ मध्ये 'अ' वर्ग पोटखराबा लागवडीखाली आणून त्याला आकारणी लावण्याची मुभा मिळाली. 'ब' वर्गाला ती नाही. जुन्या सातबाऱ्यावर वर्ग न लिहिता नुसताच 'पो.ख.' असेल, तर त्या चार-सहा गुंठ्यांत खडक आहे की ओढा, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

मालकीचा प्रश्न वेगळाच आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचे तळ, ते इतर कोणाच्या मालकीचे नसतील तर, राज्य शासनाचे ठरतात, आणि त्यांचा कारभार महसूल यंत्रणेकडे असतो. पूररेषा जलसंपदा खात्याच्या मान्यतेने ठरतात. बांधकामाची परवानगी नगरपरिषद देते, आणि पाणी तुंबले की मोर्चाही नगरपरिषदेवरच येतो. तीन दारांपैकी ज्या दाराशी लोक जातात त्याच दारामागे माणसे सर्वांत कमी.

यात भर पडते ती एका परंतुकाची, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादाची. नाला सखल जमिनीतून जात असेल आणि त्याला निश्चित काठ नसतील तर, प्रवाहाची आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा न बदलता, त्याच जमिनीच्या हद्दीत तो वळवण्याची किंवा बांधून काढण्याची परवानगी प्राधिकरणाला देता येते. त्याचा छेद, म्हणजे रुंदी आणि खोली, प्राधिकरणाने ठरवायची असते. ही सवलत २०२० ची निर्मिती नव्हे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ती जवळजवळ याच शब्दांत होती, फक्त छेद ठरवण्याचा अधिकार आयुक्तांकडे होता, आणि त्यांच्या हाताशी पर्जन्य जलवाहिन्यांचे स्वतंत्र खाते होते. तेच वाक्य तालुक्याच्या गावी आले तेव्हा 'प्राधिकरण' या शब्दाचा अर्थ मुख्याधिकारी असा झाला. पाणलोटाची मोजणी, पावसाच्या तीव्रतेचे आकडे, जलगणित यांपैकी काहीही त्यांच्या कार्यालयात नसते. असते ते अर्जदाराच्या वास्तुविशारदाने आणलेले रेखाचित्र, आणि त्यावर सही करण्याचा किंवा न करण्याचा अधिकार. अधिकार दिला आणि तो वापरण्याचे साधन दिले नाही, अशी ही स्थिती असून, ज्यांनी हे वाक्य जसेच्या तसे उचलले त्यांनी तो विचार केला होता असे नियमावली वाचून वाटत नाही.

छेद ठरवणे किती नाजूक असते हे एका उदाहरणाने पाहता येते. गावाबाहेरच्या एका ओढ्याला वरून वीस हेक्टर, म्हणजे पन्नास एकरांच्या आसपास, शेतजमिनीचे पाणी येते असे धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला तीन दशांश भाग वाहून येतो असे मानले, तर सेकंदाला सुमारे ०.८३ घनमीटर पाणी होते. ९०० मिलिमीटर व्यासाचा एक सिमेंटचा नळा, पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरल्यास, ०.९५ घनमीटर नेतो. म्हणून लेआउटच्या, म्हणजे भूखंड पाडून केलेल्या वसाहतीच्या, रस्त्याखाली असा एक नळा टाकला की रेखाचित्र बरोबर ठरते. पण दहा वर्षांत वरचे शेतही बिगरशेती झाले, तर? शहरी पुरासंबंधीच्या २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून येणारा भाग, ०.९५ पर्यंत धरावा असे सुचवले आहे. त्या हिशेबाने तोच प्रवाह सेकंदाला २.६४ घनमीटर होतो आणि एका नळ्याच्या जागी तीन लागतात. पहिल्या अर्जदाराने नियम मोडलेला नसतो, दुसऱ्यानेही नसतो. नळा मात्र आता कॉंक्रीटच्या रस्त्याखाली असतो.

मोठ्या शहरांतही हा हिशेब पूर्वी फार उदार नव्हता. मलनिस्सारणाच्या १९९३ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे शहराच्या कडेच्या निवासी भागात वर्षातून दोनदा येणाऱ्या पावसाइतकेच गटार पुरेसे मानले जाई, म्हणजे वर्षातून दोनदा पाणी रस्त्यावर येणे गृहीतच होते. पर्जन्यजल निचऱ्यासाठी स्वतंत्र पुस्तिका २०१९ मध्ये आली आणि तिने निकष वाढवले. २०१० च्या सूचनांत तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या शहरांमध्ये दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असे म्हटले होते. ज्या गावाचा पाऊस तहसील कचेरीच्या आवारातल्या एकाच मापकावर दिवसातून एकदा वाचला जातो, तिथे तासाची तीव्रता कशी काढायची, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नाही.

पैशांची बाजू याहून सरळ आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून स्वतःच्या निर्णयाने खर्च करण्यासारखे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकामातून येणारे विकास शुल्क. केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत पर्जन्य जलवाहिन्या हा एक घटक होता, पण योजना मुळात लाखावर वस्तीच्या शहरांची होती. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात लहान गावे आली तेव्हा भर पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि जलाशयांवर होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातील साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या, निधीपैकी अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पुनर्वापर यांसाठी. संधारण आणि निचरा यांतला शब्दांचा घोळ इथे रुपयांत उतरतो, कारण शोषखड्ड्याला बंधित निधी चालतो आणि त्या खड्ड्यातून उतू जाणाऱ्या पाण्याच्या गटाराला तो चालेलच असे नाही. संधारणाची सोय न राखणाऱ्या मालकाला दर १०० चौ. मी. बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो, हजार चौ. मी. च्या इमारतीला तो फार तर दहा हजार होईल, आणि त्यासाठी दरवर्षी कोणीतरी खड्डा उघडून पाहावा लागेल.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. दोन्ही नगरपरिषदाच. त्याआधी २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकलेल्या रेल्वेगाडीतून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. चिपळुणात पुरानंतर पूररेषांचा वाद पेटला, कारण शहराचा मोठा भाग त्या रेषांच्या आत येत होता आणि पडलेले घर पुन्हा उभे करायचे तरी परवानगीचा प्रश्न होता. ज्या नगरपरिषदेचे उत्पन्नच बांधकामावर चालते तिला कडक रेषेचा आग्रह धरणे आणि कर्मचाऱ्यांचे पगार करणे, या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. नदीच्या रेषेवर निदान वाद तरी होतो. ओढ्याच्या नळ्यावर तोही होत नाही.

मे महिन्यात नालेसफाईची निविदा निघते. तिच्या यादीत नगरपरिषदेच्या नोंदीतले नाले असतात, लांबी मीटरमध्ये आणि गाळ घनमीटरमध्ये. लेआउटच्या आत वळवून बंदिस्त केलेला ओढा त्या यादीत नसतो. तो सोसायटीच्या भिंतीआड असतो, जेसीबीला आत जायला वाट नसते, आणि सोसायटीच्या दृष्टीने तो नगरपरिषदेचा असतो.