आमच्या फॉर्मवर ‘काम नेमकं काय करता?’ असं का विचारलेलं असतं

वीर्यतपासणी, जंतुसंसर्गाची तपासणी किंवा गर्भधारणेपूर्वीच्या तपासण्या करायला आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्यांना डबीबरोबर एक पानी फॉर्म दिला जातो. नाव, वय इथवर सगळे भराभर लिहितात. ‘काम’ या रकान्यात बहुतेक जण ‘खासगी नोकरी’ एवढं लिहून मोकळे होतात. ‘गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?’ इथे फुली, आणि ‘पूर्वी जननेंद्रियांचा संसर्ग झाला होता का?’ इथे तर न वाचताच फुली. हे प्रश्न उगाच चौकशा करण्यासाठी नाहीत. त्यांची उत्तरं नसली की रिपोर्टमधला आकडा आम्हालाही अर्धाच कळतो आणि तुमच्या डॉक्टरांनाही.

ताप कधी येऊन गेला?

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतरचे काही दिवस ते अंडकोषालगतच्या नळीत परिपक्व होतात. म्हणजे आज डबीत जे आलं, त्याची सुरुवात जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. अंडकोष पोटात नसून बाहेर असतात, ते त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं म्हणून. सडकून ताप येऊन गेला, की त्याचा फटका तेव्हा नाही, महिना-दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसतो. तोवर ताप विसरलेला असतो आणि आकडा पाहून घरात रडारड होते. अशा वेळी तीन महिने थांबून पुन्हा तपासणी करणं हेच बरं.

रिपोर्टवर एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही पातळी छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतला हा आकडा आहे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले, अशाच पुरुषांच्या नमुन्यांवरून तो काढलेला आहे, आणि त्यांच्यातल्याही शंभरातल्या पाच जणांचा आकडा त्याहून कमी होता. तेव्हा ‘कमी’ म्हणजे ‘मूल होणारच नाही’ असा अर्थ काढू नका.

काम काय, आणि हाताला काय लागतं?

हा रकाना आम्ही का सोडत नाही, त्यासाठी १९७७ सालची एक हकिगत सांगायला हवी. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं, पिकांच्या मुळांतले सूत्रकृमी मारणारं औषध बनत होतं. तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की, आपल्यात बऱ्याच दिवसांत कुणाला मूलच झालेलं नाही. हे ना व्यवस्थापनाच्या ध्यानात आलं होतं, ना एखाद्या डॉक्टरच्या. माणसं एरवी ठणठणीत होती. वीर्यतपासणी केली तेव्हा, जे वर्षानुवर्षं त्या कामावर होते त्यांच्यातल्या काहींच्या नमुन्यात एकही शुक्राणू सापडला नाही. जे नुकतेच रुजू झाले होते त्यांचे आकडे ठीक होते. काम सुटल्यावर काहींचे शुक्राणू परतले, काहींचे कधीच नाहीत. यातली चीड आणणारी बाब अशी, की या रसायनाने उंदरांचे अंडकोष आक्रसतात हे १९६१मध्येच छापून आलं होतं.

म्हणून ‘खासगी नोकरी’ नको. ‘बॅटऱ्यांचं शिसं वितळवतो’, ‘रंगाच्या भट्टीपाशी उभा असतो’, ‘फवारणी करते’, ‘थिनरने सुटे भाग पुसते’ असं लिहा. शिशाचं तर वेगळं सांगायला हवं. रक्तात ते काही आठवडे दिसतं, पण हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतं. गरोदरपणी हाडांतलं कॅल्शियम सुटू लागलं की त्याच्याबरोबर शिसंही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. कामाच्या कपड्यांवरची धूळ घरी येते ती निराळीच. ते कपडे कामाच्या जागीच बदलावेत, वेगळे धुवावेत. कपडे कोण धुतं, हेही आम्ही विचारतो, हसू नका.

व्यायामशाळेत घेतलेली इंजेक्शनंही याच रकान्यात लिहा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो. दंड फुगतात आणि डबी रिकामी निघते. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण काही महिने जातात, कधी त्याहून जास्त.

प्लास्टिकबद्दल रोज विचारणा होते. बीपीए आणि थॅलेट ही प्लास्टिकमधली रसायनं संप्रेरकांच्या कामात लुडबूड करतात, हे प्राण्यांमध्ये नीट दिसलेलं आहे. माणसांमधला पुरावा तितका सरळ नाही. गरम अन्न प्लास्टिकमध्ये न ठेवण्यात काहीच तोटा नाही, तेवढं जरूर करा. मात्र लघवीतल्या बीपीएची तपासणी आम्ही करत नाही. ते दिवसभरात शरीराबाहेर पडतं, त्यामुळे कालचं तेवढं कळेल आणि पैसे मात्र जातील. शरीर ‘शुद्ध’ करणाऱ्या पुड्यांबद्दल आमचं मत विचारू नये, हे उत्तम.

जे दुखत नाही ते संसर्ग

क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही त्रास होत नाही. जंतू मात्र गर्भाशयातून वर गर्भनलिकांपर्यंत चढतात. तिथली सूज ओसरताना व्रण राहतात, नळी चिकटते. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीतच रुजतो आणि जिवावर बेततं. परमाही (गनोरिया) असंच करतो. जननेंद्रियांचा क्षयरोगही नळ्या बंद करतो, तोही मुकाट्याने. औषधाने जंतू मरतात, व्रण जात नाहीत. त्यामुळे महत्त्व आहे ते लवकर तपासण्याला. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे. एकानेच गोळ्या घेतल्या तर थोड्याच दिवसांत दोघेही पुन्हा आमच्या दारात.

एक मात्र बजावून सांगतो. वीर्याच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ (पुवातल्या पांढऱ्या पेशी) दिसल्या म्हणून दुकानातून प्रतिजैविकं आणू नका. सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या शुक्राणूपेशी आणि पांढऱ्या पेशी सारख्याच गोल दिसतात. वेगळं रंजकद्रव्य वापरल्याशिवाय आमच्या अनुभवी नजरेलाही त्यांत फरक करता येत नाही.

मोठेपणी झालेल्या गालगुंडात अंडकोष सुजला असेल तर तेही लिहा, वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी. बहुधा एकाच बाजूला सूज येते आणि दुसरा अंडकोष काम निभावून नेतो. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर मूल हवंसं वाटण्याआधी घ्या. ती गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात.

नमुना देताना

वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. घरून आणणार असाल तर डबी अंगाशी धरून, तासाभराच्या आत पोचवा. पिशवीत बर्फाशेजारी ठेवू नका. सुरुवातीचा थेंब सांडला असेल तर तसं सांगा, कारण शुक्राणू सर्वांत जास्त त्यातच असतात. क्लॅमिडियासाठी पुरुषांनी लघवीची पहिली धार द्यायची, मधली नाही, आणि त्याआधी निदान तासभर लघवीला जायचं नाही. फॉर्म समोर सगळ्यांदेखत भरायचा नसेल तर आतल्या खोलीत टेबल आहे, दाराला कडी आहे.