एम्डेन आणि वोल्फ: एक युद्धनौका, दुसरे वेष पालटलेले मालवाहू जहाज

मुंबईजवळच्या समुद्रात २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीचे ‘मंगोलिया’ हे जहाज पाणसुरुंगाने बुडाले. पहिल्या महायुद्धातील हिंदी महासागर म्हटला की ‘एम्डेन’चेच नाव आठवत असल्यामुळे ही घटनाही तिच्याच नावावर जमा करण्याचा मोह होतो, परंतु एम्डेन त्याआधी अडीच वर्षांपूर्वीच नष्ट झाली होती, आणि ते सुरुंग फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वोल्फ’ने पेरले होते.

दोन्ही जहाजे जर्मन, दोन्हींच्या कप्तानांचे नाव कार्ल आणि दोन्हींचे काम शत्रूचा सागरी व्यापार मोडण्याचे. एम्डेन मात्र मुळातच युद्धनौका म्हणून बांधलेली होती. १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफा आणि भरपूर वेग यांच्या बळावर कार्ल फॉन म्युलर यांनी २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या आणि पेनांगच्या बंदरात शिरून रशियन क्रूझर (वेगवान युद्धनौका) बुडवली. तिने खोटे चौथे धुराडे उभारले होते हे खरे. पण ते सोंग एका युद्धनौकेने दुसऱ्या युद्धनौकेचे घेतलेले होते.

वोल्फ हे मूळचे ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचे ‘वाख्टफेल्स’ नावाचे मालवाहू जहाज. त्याचा वेग जेमतेम दहा-अकरा नॉट होता, त्यामुळे क्रूझरशी गाठ पडली असती तर पळून सुटणे त्याला अशक्यच होते. म्हणून त्याच्या बाजूंच्या पत्र्यांआड तोफा दडवल्या, धुराडे आणि डोलकाठ्या कमीजास्त उंच करता येतील अशा बसवल्या, पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग भरले आणि टेहळणीसाठी ‘व्योल्फशेन’ हे छोटे समुद्री विमान सोबत घेतले. माझ्या मते या जहाजाचे खरे शस्त्र मौन हेच होते: कप्तान कार्ल नेर्गर बिनतारी यंत्रावर इतरांचे संदेश ऐकत, स्वतः मात्र गप्प राहत. त्यामुळे ऑस्ट्रेलियाजवळ ‘कंबरलँड’ या जहाजाला सुरुंग लागला, तेव्हा सुरुवातीला संशय घेतला गेला तो घातपाताचा.

कैद्यांच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. म्युलर त्यांना पकडलेल्या एखाद्या जहाजावर बसवून सोडून देत, आणि त्यांच्या सौजन्याची स्तुती शत्रूची वृत्तपत्रेही करीत; नेर्गर यांना तसे करणे परवडणारे नव्हते, कारण सुटलेल्या एका माणसानेही जहाजाचे गुपित फोडले असते. त्यामुळे स्त्रिया आणि मुलेही त्यांच्या कैदेत महिनोन्महिने अडकून पडली.

एम्डेनला ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांपाशी ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन क्रूझरने गाठून नष्ट केले. वोल्फ मात्र ४५१ दिवसांत एकाही बंदराला न लागता, पकडलेल्या जहाजांच्या कोळशावर आणि अन्नावर तग धरून, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी शेकडो कैद्यांसह जर्मनीतील कील बंदरात परतले.