शिकारीची गोळी : हरीण व एल्क यांसाठी निवड

उत्तर अमेरिकेत रायफलने हरीण किंवा एल्क (हरणाच्याच कुळातील, पण बरेच मोठे जनावर) मारताना काडतुसात कोणत्या बांधणीची व किती वजनाची गोळी असावी, हा तेथील शिकारशास्त्रातील जुना व अजूनही वादाचा विषय आहे. काडतूस म्हणजे कवच, दारू, पेटवणी व गोळी यांचा संच. प्रस्तुत नोंद त्यातील फक्त गोळीविषयी आहे. शिकारी मंडळींत चर्चा बहुधा रायफलच्या कॅलिबरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, होते, पण जनावर जागीच पडते की जखमी होऊन रानात नाहीसे होते, हे नेम चांगला असल्यास बरेचसे गोळीच्या बांधणीवर ठरते.

शिकारीच्या गोळीकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. शरीरात शिरताच तिचे टोक भूछत्रासारखे फुलावे, म्हणजे हृदय व फुप्फुसे यांना रुंद जखम होऊन जनावर लवकर मरते. आणि त्याच वेळी तिने या अवयवांपर्यंत, शक्यतो आरपार, पोहोचावे. गोळी जितकी अधिक फुलते तितका तिला होणारा अवरोध वाढतो व ती उथळ राहते. मुळीच न फुलणारी, पूर्ण धातुवेष्टित लष्करी गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर बरेच अंतर पळते. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळी सक्तीची आहे. कोलोरॅडोच्या नियमानुसार हरणासाठी किमान ७० ग्रेन व एल्कसाठी किमान ८५ ग्रेन वजनाची फुलणारी गोळी लागते (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). युद्धात मात्र नेमका उलटा नियम आहे. कोलकात्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिश फौजेसाठी उघड्या शिशाच्या टोकाची गोळी तयार झाली. ‘दमदम’ गोळी म्हणून ती कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला.

सर्वांत साधी व स्वस्त रचना म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण आणि आत शिशाचा गाभा. टोकाशी शिसे उघडे असते किंवा प्लॅस्टिकची अणी बसवलेली असते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर साधारण ६० ते १३० किलोंचा असतो, त्याच्या बरगड्या पातळ असतात, आणि त्याच्यासाठी ही गोळी पुरेशी आहे. तिच्यापेक्षा महाग गोळीवर खर्च करण्याचे कारण हरणाच्या बाबतीत क्वचितच असते. एल्कची गोष्ट वेगळी. त्याचा प्रौढ नर ३०० किलोंच्या पुढे जातो, फऱ्याचे हाड जाड असते, आणि तिरप्या उभ्या जनावरावर गोळी झाडल्यास तिला स्नायूंचा मोठा थर कापावा लागतो. अशा वेळी साध्या गोळीचे आवरण गाभ्यापासून सुटते, शिशाचे तुकडे होतात व जखम वरवरची राहते.

या दोषावरचा प्रसिद्ध उपाय अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांनी काढला. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात शिकार करताना चिखलाने माखलेल्या एका मूसवर (हरणाच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर) त्यांच्या गोळ्या आत न शिरता वरच फुटल्या. त्यानंतर त्यांनी आवरणातच मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवून गोळीचे दोन कप्पे केले : पुढचा फुलण्यासाठी, मागचा शाबूत राहून खोल जाण्यासाठी. ही ‘पार्टिशन’ गोळी जनावरातून काढून पाहिली तर पुढचे शिसे बहुतेक झिजून गेलेले, आवरण मागे वळलेले आणि मागचा कप्पा जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. मूळ वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश वजन शिल्लक असते. गाभा आवरणाला सांधून टाकलेल्या ‘बाँडेड’ गोळ्या हेच काम वेगळ्या रीतीने साधतात.

तिसरा प्रकार अखंड तांब्याच्या गोळीचा. तिच्या टोकाला पोकळी असते आणि आदळताच टोक पाकळ्यांसारखे उलगडते. वजन फारसे घटत नाही व मांसही कमी नासते. पण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून सहसा थोडे कमी वजन निवडतात. शिवाय अशा अनेक गोळ्या सेकंदाला सुमारे १,८०० ते २,००० फुटांपेक्षा कमी वेगाने आदळल्यास नीट उलगडत नाहीत, ही त्यांची मर्यादा लांबचा नेम धरणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली पाहिजे.

वजनाचा विचार बांधणीनंतर येतो. .३०-०६ या सर्वपरिचित काडतुसात हरणासाठी १५० किंवा १६५ ग्रेन आणि एल्कसाठी १८० ग्रेन ही रूढ निवड आहे. त्याच व्यासात वजन वाढले की गोळी लांब होते आणि खोल जाण्याची तिची क्षमता वाढते. १८० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटते व ३०० यार्डांवर तो वेग सुमारे २,१०० फुटांवर येतो. जवळच्या अंतरावर, अतिवेगवान काडतुसातून सुटलेली नाजूक गोळी खांद्याचे मांस रक्ताळून निकामी करते. खाण्यासाठी शिकार करणाऱ्याला हे नुकसान लहान नाही.

अलीकडे निवडीत शिशाच्या विषारीपणाचा मुद्दा आला आहे. शिशाची गोळी फुटली की तिचे अतिसूक्ष्म कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात, आणि रानात टाकलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. १९८२ मध्ये जेमतेम २२ उरलेल्या कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाच्या पुनरुज्जीवनात शिशाची विषबाधा हा मोठा अडथळा ठरला. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिकारी गोळ्यांतूनही शिसे हद्दपार केले. अशा ठिकाणी तांब्याच्या गोळीची निवड शिकाऱ्याच्या मर्जीवर राहिलेली नाही.

कागदावर सर्वोत्तम ठरलेली गोळी प्रत्येक रायफलला मानवतेच असे नाही. नळीतील सर्पिल खाचांचा पीळ लांब गोळीला पुरेशी फिरकी देत नसेल तर ती डळमळते, आणि एकाच कारखान्याच्या दोन रायफली एकाच गोळीने निरनिराळा नेम देतात. म्हणून हंगामापूर्वी दोनतीन प्रकारच्या गोळ्या १०० यार्डांवरील निशाणावर झाडून, ज्यांची भोके सर्वांत जवळजवळ पडतात त्याच गोळीची पेटी हंगामासाठी घेतली जाते.