खाऱ्या जमिनीसाठी बी भिजवण्यामागचा इतिहास

कोकणातल्या खार जमिनीत भाताचं बी मोड आणून चिखलात फेकतात. या पद्धतीला रहू म्हणतात. पावसाने वरचा थर धुतला, की मीठ पुन्हा वर चढण्याआधी रोपाने मूळ धरायला हवं. भात उगवताना बराच खारटपणा सोसतो, पण दोन-तीन पानांच्या रोपाला तो झेपत नाही. म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा. पेरणीआधी बी ठराविक वेळ भिजवून पुन्हा वाळवण्याचं तंत्र हे दिवस वाचवण्यासाठीच आहे.

पेरणीआधी बियाला पाणी दाखवण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याचं बी सात दिवस रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवायला सांगितलं आहे. हा उपाय खाऱ्या जमिनीसाठी नव्हता, तरी भिजवा आणि वाळवा हे आजच्या तंत्राचं मर्म त्यात दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डार्विनने १८५५च्या सुमारास बिया समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकार २८ दिवसांनंतरही उगवले. म्हणजे न उगवलेलं बी मिठाने सहजी मरत नाही. हाल होतात ते त्याच खारटपणात वाढू पाहणाऱ्या कोंबाचे: मीठ मुळाला पाणी ओढू देत नाही आणि सोडियम आत साठत जातो. विसाव्या शतकाच्या मध्यात सोव्हिएत शास्त्रज्ञ गेंकेल यांनी मिठाच्या द्रावणात बी भिजवून रोप आधीच काटक करण्याचा मार्ग धरला. पुढे कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम नायट्रेट, सॅलिसिलिक आम्ल यांचेही प्रयोग झाले.

खरा प्रश्न होता, भिजवणं थांबवायचं कधी? बी आधी भराभर पाणी पितं, मग थबकतं. त्या थबकलेल्या काळात आतली दुरुस्ती आणि वाढीची तयारी चालते. मूळ बाहेर पडलं, की मात्र बी पुन्हा वाळवता येत नाही. १९७३मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हायडेकर आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाणी धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने बियाला बेताचंच पाणी मिळू दिलं आणि हा काळ मुठीत आणला.

शेतकऱ्याला हे रसायन कुठून परवडणार? १९९०च्या दशकात शास्त्रज्ञ डेव्हिड हॅरिस यांनी पश्चिम भारतातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत साध्या पाण्यावर काम केलं: बी रात्रभर भिजवायचं, वरून सुकवायचं, लगेच पेरायचं. प्रत्येक पिकाची भिजवण्याची सुरक्षित मर्यादा त्यांनी ठरवली. ती ओलांडली, तर जमिनीत ओल नसतानाही बी उगवत राहतं आणि वाया जातं.

असं भिजवून वाळवलेलं बी फार दिवस टिकत नाही. पाऊस लांबला, तर ते घरातच खराब होतं.