रोटरी क्लबची साप्ताहिक सभा

रोटरी क्लबची साप्ताहिक सभा : रोटरी या जागतिक सेवासंस्थेच्या स्थानिक क्लबाचे सभासद ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि बहुधा ठरलेल्या जागी एकत्र येतात, ती बैठक. ती तास-दीड तासात आटोपते. बाहेरून आलेल्याला ती चहा, भाषण आणि गप्पा एवढीच वाटण्याचा संभव असतो. परंतु रक्तदान, नेत्रतपासणी, शाळेतली स्वच्छतागृहे, बंधारे असे क्लबाचे जे काम गावाला दिसते, ते बहुतेक याच बैठकीत ठरलेले असते. रोटरीवर लिहिताना सहसा प्रकल्पांची जंत्री दिली जाते. या नोंदीत सभेला पहिले स्थान दिले आहे. सेवेचे काम सुरू करणारे पुष्कळ भेटतात. सुरू केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे दर आठवड्याला विचारणारी जागा क्वचित असते.

उगम

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढलेला रोटरीचा संस्थापक पॉल हॅरिस वकिली करण्यासाठी शिकागोला आला, तेव्हा त्या अफाट शहरात त्याला घरचे म्हणावे असे कोणी नव्हते. १९००च्या सुमारास एका वकील मित्राबरोबर तो संध्याकाळी फिरायला गेला. तो मित्र वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारत होता. शहरातही खेड्यासारखी ओळखपाळख राखता येते, हे हॅरिसने तिथे पाहिले आणि ते त्याच्या मनात राहिले. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले : हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गस्टेव्हस लोअर आणि शिंपी हायरम शोरी. खोली लोअरच्या कचेरीची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या, अशी पाळी फिरत राहिली आणि या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

रोटरीचे बोधचिन्ह चाकाचे आहे. आज त्याला २४ दाते व ६ आरे असून मधल्या भोकात चावीची खाच आहे. ही खाच आधी नव्हती. खाचेवाचून चाक आसावर नुसते गरगरते, पुढे शक्ती पोचवत नाही, हे यंत्र जाणणाऱ्या सभासदांनी लक्षात आणून दिल्यावर ती घालण्यात आली.

सुरुवातीला सभासद एकमेकांना धंद्यात मदत करत, आणि तेवढाच हेतू होता. समाजाच्या कामाकडे क्लब वळला तो १९०७ पासून, शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत या मागणीसाठी. नागरी सुविधेच्या इतक्या साध्या आणि अवघड प्रश्नापासून सुरुवात झाली, याची आठवण आजच्या क्लबांनी ठेवण्यासारखी आहे.

भारतात पहिला क्लब कलकत्त्यास १९१९ साली निघाला. त्या काळी सभासदांत युरोपीय व्यापाऱ्यांचा भरणा होता. मुंबईचा क्लब १९२९चा. ताजमहाल हॉटेलातली त्याची मंगळवारची दुपारची सभा प्रसिद्ध आहे. पुढे महाराष्ट्रात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी क्लब पसरले. कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये जागतिक अध्यक्ष झाले. हे पद मिळालेले ते पहिले आशियाई. शेजारच्या गुजरातेतील वापीचे कल्याण बॅनर्जी २०११-१२ मध्ये त्याच पदावर होते.

सभेचा क्रम

तालुक्याच्या गावातली सभा साधारण अशी असते. हॉटेलचा वरच्या मजल्यावरचा हॉल, किंवा क्लबाची स्वतःची इमारत असेल तर ‘रोटरी हॉल’. दुकाने, दवाखाने उरकून लोक यायचे म्हणून वेळ संध्याकाळची. दाराशी ‘सार्जंट अ‍ॅट आर्म्स’ हा पदाधिकारी हजेरीचे रजिस्टर घेऊन उभा असतो. अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर, म्हणजे पदाचा पट्टा, असते. त्यांनी टेबलावरच्या पितळी घंटेवर टोला दिला की सभा सुरू. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते आणि कोणीतरी सभासद चतुर्विध कसोटी वाचतो : हे सत्य आहे का? सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का? सर्वांच्या हिताचे ठरेल का?

ही कसोटी हर्बर्ट टेलर याने १९३२ साली, महामंदीच्या दिवसांत, दिवाळखोरीच्या काठावर आलेली शिकागोची एक भांड्यांची कंपनी हाती घेतल्यावर स्वतःच्या कारभारासाठी लिहिली. रोटरीने ती १९४३ मध्ये स्वीकारली. दर आठवड्याला म्हटल्याने ती घोकंपट्टी होते अशी टीका होते, आणि ती काही अंशी खरी आहे. पण एखाद्या प्रस्तावावर वाद पेटला आणि एखादा जुना सभासद शांतपणे म्हणाला, “दुसरा प्रश्न लावून बघू या,” की घोकलेले कामी येते.

त्यानंतर वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, मग सचिवांची निवेदने. वृत्तांतात सर्वांत कमी जागा मिळते ती याच भागाला, आणि काम होते ते इथेच. ‘रविवारच्या शिबिराला जीप कोण देणार?’, ‘चाळीस माणसांचा नाश्ता कोणाकडे?’, ‘सरपंचांशी कोण बोललं?’ असे प्रश्न येतात, हात वर होतात, नावे वहीत उतरतात. सिमेंटवाला सिमेंट पाहतो, डॉक्टर औषधे पाहतात, सी.ए. हिशेब पाहतात. दर व्यवसायातले मोजकेच सभासद घेण्याची जुनी ‘क्लासिफिकेशन’ पद्धत इथे उपयोगी पडते : एका खोलीत सगळे वकील नसतात, म्हणून लागेल तो माणूस खोलीतच सापडतो. बुलेटिनमध्ये नावाआधी ‘रो.’ (रोटेरियन) लागते, पण हाक मात्र ‘डॉक्टर’, ‘वकीलसाहेब’, ‘शेठ’ अशीच जाते.

मग वक्ता. मातीपरीक्षण, मधुमेह, नवे करकायदे, गिर्यारोहण, काहीही विषय असू शकतो. अर्धा तास भाषण, थोडी प्रश्नोत्तरे, आभार आणि घंटेचा दुसरा टोला. पुढच्या खाण्यापिण्याला आणि गप्पांना ‘फेलोशिप’ म्हणतात.

हजेरीचा नियम एके काळी फार कडक होता. चुकलेली सभा दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबात बसून भरून काढता येई. त्याला ‘मेक-अप’ म्हणत. कोल्हापूरचा व्यापारी कामानिमित्त नागपूरला किंवा लंडनला गेला, तरी तिथल्या क्लबात जाऊन बसे, हजेरीचे कार्ड घेई आणि आपल्या क्लबाचे झेंड्यासारखे छोटे बॅनर देऊन त्यांचे आणी. जुन्या क्लबांच्या भिंतींवर अशा बॅनरांच्या रांगा दिसतात. या नियमाने अनोळखी गावातही माणसाला बसायला खुर्ची मिळाली. हॅरिसला शिकागोत हवे होते ते हेच.

सेवेची कामे

क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. वर्गणीतून क्लबाचा खर्च चालतो. समाजाकडून जमवलेला पैसा वेगळा ठेवून सेवेसाठीच वापरायचा असतो. मोठ्या कामाला रोटरी फाउंडेशन या रोटरीच्याच निधीसंस्थेचे ‘ग्लोबल ग्रँट’ हे अनुदान मिळू शकते. त्यासाठी अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे असावे लागते, दुसऱ्या देशातला एक क्लब भागीदार लागतो आणि गरज नक्की काय आहे याची पाहणी त्या वस्तीत जाऊन आधी करावी लागते. ही शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. शाळेला संगणक देऊन आल्यावर तिथे दिवसाचे सहा तास वीज नसते हे कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

नेत्रशिबिर जवळून पाहिले की सभेतल्या वहीचा अर्थ कळतो. शाळेच्या व्हरांड्यात सकाळी सातपासून म्हातारी माणसे बाकांवर बसलेली असतात. मोतीबिंदू आढळलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची, त्याच्या वर कपाळाला खूण करतात, म्हणजे रुग्णालयात गोंधळ होत नाही. गाडी भरून माणसे जातात. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, काळा चष्मा आणि थेंबांची बाटली हातात मिळते. शस्त्रक्रिया रुग्णालय करते. क्लबाच्या वाट्याला येते ते माणूस घरून आणणे, घरी पोचवणे आणि पुढच्या तपासणीला तो आला नाही तर त्याच्या वाडीवर जाऊन विचारणे.

महाराष्ट्रातल्या क्लबांचे आणखी एक काम आवर्जून सांगायला हवे : कृत्रिम हातांची शिबिरे. कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात किंवा कारखान्यातल्या प्रेसखाली हात गेलेल्यांना, कोपराखालचा काही भाग शिल्लक असल्यास, ‘एलएन-४’ नावाचा हलका हात मोफत बसवून देतात. त्यात शस्त्रक्रिया नसते. पट्टे आवळले की हात तयार. माणसाला आधी पेला धरायला देतात, मग पेन. कित्येक वर्षांनी स्वतःचे नाव लिहिणारा शेतकरी पाहिला की शिबिरातला गलका क्षणभर थांबतो.

रोटरीचे सर्वांत मोठे काम पोलिओचे. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये सुमारे ६० लाख मुलांना लस देण्याच्या उपक्रमापासून त्याची सुरुवात झाली. १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम जाहीर झाली. भारतात पल्स पोलिओच्या रविवारी बस स्थानकावर आणि देवळापाशी बूथ लागत. लस सरकारची, कर्मचारी आरोग्य खात्याचे. मंडप, फलक, गाडी आणि दुपारचे जेवण पुष्कळ ठिकाणी क्लबाचे. बर्फाच्या डब्यातली कुपी, लस बिघडली की गडद होणारा तिच्यावरचा चौकोन, दोन थेंब, आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. वर्षानुवर्षे तेच काम न कंटाळता करणे, हे त्यामागचे बळ होते.

बदल आणि उणिवा

स्त्रियांना सभासदत्व देण्यास रोटरीने फार उशीर केला. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबाने स्त्रियांना सभासद केले म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ पासून जगभर दार उघडले. तोवर आपल्याकडे सभासदांच्या पत्नी ‘अ‍ॅन’ म्हणून ओळखल्या जात. शिबिरातले अर्धे काम करत, पण रजिस्टरात त्यांचे नाव नसे. जागतिक अध्यक्षपदी पहिली स्त्री, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, २०२२-२३ मध्ये आली.

२०१६ पासून महिन्याला किमान दोन सभा पुरेशा मानल्या जातात आणि त्या ऑनलाइनही घेता येतात. नोकरदार तरुणांची यामुळे सोय झाली. वहीतल्या प्रश्नांना मात्र दोन आठवडे थांबावे लागते.

खरी उणीव वर्षाच्या मुदतीत आहे. अध्यक्ष एकाच वर्षाचा. प्रत्येकाला आपल्या वर्षाची खूण हवी असते, म्हणून मागच्याचे काम अर्धवट राहते. जुलैत पदग्रहण होते, त्याच पावसात वृक्षारोपण होते, छायाचित्रे छापून येतात आणि रोपे मार्चमध्ये वाळतात. काही क्लबांनी यावर साधा उपाय योजला आहे. रोपांची संख्या आणि जागा वहीत लिहून ठेवतात, आणि उन्हाळ्यात दर सभेला सचिव निवेदनांच्या आधी विचारतात : या आठवड्यात टँकर कोणी नेला, आणि किती जगली?